पोटातला गोळा नक्की कशाचा? (शरीरातून भावना ओळखण्याबद्दल)

केवडा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. हे आरोग्य विभागात टाकावं की अध्यात्म विभागात ते कळेना, ॲडमिननी हवं तिथे हलवावं.

विषय असा. आपल्याला एखाद्या गोष्टीबद्दल काय वाटतंय हे डोक्याला विचारलं की डोकं लगेच व्यवस्थित उत्तर देतं. मला तर फारच व्यवस्थित देतं. नौपाड्यात आईचं घर आहे, तीन मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आता रीडेव्हलपमेंटला जातेय. दादा तिथेच आईबरोबर राहतो, सगळा पुढाकार त्याचा. मी नेरुळला. घरच्या ग्रुपवर मी सुरुवातीलाच 'माझी काहीच हरकत नाही' असं लिहून टाकलं होतं, आणि कुणी शपथेवर विचारलं असतं तरी तेच सांगितलं असतं.

पण दादाचा मेसेज आला की, मग ते बिल्डरचं पत्र असो की नुसता मीटिंगचा निरोप, माझ्या उजव्या बरगडीखाली काहीतरी आवळायचं आणि जबडा घट्ट व्हायचा. रात्री झोपेत दात खाते असं नवऱ्याचं म्हणणं. मला वाटलं, मार्च एंडिंग आहे, बँकेत काम करणाऱ्या बाईचे दात मार्चमध्ये नाही वाजणार तर कधी. मार्च सरला, दात थांबले नाहीत.

एक मैत्रीण समुपदेशन करते. तिने फोकसिंग नावाची पद्धत शिकवली. युजीन जेंडलिन हे तत्त्वज्ञ १९५० च्या दशकात शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याबरोबर काम करायला लागले. मानसोपचार काहींना लागू पडतो आणि काहींना वर्षानुवर्षं बोलूनही पडत नाही, असं का, या प्रश्नासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उपचारांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकली. उपचार करणारा कोण आणि कुठल्या पंथाचा, यापेक्षा समोरचा माणूस कसा बोलतो त्यावर बरंच ठरत होतं. ज्यांना पुढे फायदा व्हायचा ते बोलताना अडखळायचे. 'राग आला... नाही, राग नाही म्हणता येणार... इथे कुठेतरी काहीतरी...' असं चाचपडत, आत काहीतरी तपासून बोलायचे. घडाघडा आणि मुद्देसूद बोलणाऱ्यांचं मात्र घोडं अडायचं. ते चाचपडणं शिकवता येईल का, यातून ही पद्धत निघाली, आणि १९७८ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तकही लिहिलं.

करायचं काय, तर निवांत बसायचं. घसा, छाती, पोट या पट्ट्यात लक्ष न्यायचं. जो विषय सतावतोय तो समोर ठेवायचा आणि तिथे काय होतं ते बघायचं. बहुतेक वेळा काहीतरी अस्पष्ट लागतं, ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येऊन अडकावं तसं. त्याला लगेच नाव द्यायचं नाही. थोडं थांबायचं. मग एखादा शब्द किंवा चित्र सुचतं, ते त्या जागेला लावून बघायचं. चुकीचं असेल तर आत ढिम्म काही हलत नाही. बरोबर असेल तर अंगच सांगतं. श्वास आपोआप खोल जातो, खांदे उतरतात, कधी डोळ्यांत पाणी येतं.

माझ्या बाबतीत 'राग' हा पहिला शब्द. काही नाही. 'भीती', किंचित. 'आई एकटी पडेल', हे मला फार पटलं होतं, पण बरगडीला पटलं नाही. मग एक चित्र आलं, मी दाराबाहेर चपला घालून उभी आहे आणि आत सगळे बोलतायत. त्याबरोबर इतका मोठा उसासा आला की मीच दचकले. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी हरकत नाही असं लिहिलं ते कुणी विचारण्याआधीच, म्हणजे न विचारल्याचं दिसायलाच नको.

इतरांचे काय अनुभव आहेत? आणि हे थोतांड वाटत असेल तर तेही लिहा, फक्त कारणासकट.

मोगरी

वाचतेय. चपलांचं चित्र वाचून माझ्याच पोटात काहीतरी झालं.

ओपीडी

धागा चांगला आहे, पण मी माझी नेहमीची पाचर मारणार. केवडाताई, उजव्या बरगडीखाली म्हणालात म्हणून विचारतो, सोनोग्राफी केलीत का? तिथे पित्ताशय असतं. चाळिशीतल्या बाईंना तिथे त्रास होत असेल तर मी आधी खडे शोधेन, भाऊ नंतर.

वाशीत जनरल प्रॅक्टिस करतो. अर्थ शोधण्याआधी पेशंटला हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि गरजेप्रमाणे ईसीजी करायला लावतो. थायरॉइडचं काम गरजेपेक्षा जास्त होत असेल तर छाती धडधडते, हात कापतात, जीव घाबरा होतो, आणि माणूस महिनोन्महिने 'मला कशाची बरं चिंता लागलीय' हे शोधत बसतो. रक्त कमी असलं तरी जिना चढताना धडधडतं. बी-१२ कमी असलं की हातापायांना मुंग्या येतात. दम्याचा पंप आणि सर्दीच्या काही गोळ्याही धडधड देतात, तिसरा कप कॉफी तर देतेच.

हे नीट वाचा. छातीवर दाब, तो डाव्या हातात किंवा जबड्यात जातोय, दरदरून घाम, तर डोळे मिटून बसायचं नाही. १०८ ला फोन किंवा थेट कॅज्युअल्टी. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही अटॅक येतो, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे भावनेला शब्द तीनच आहेत, गॅस, ॲसिडिटी आणि बीपी. सुनेशी वाजलं की 'गॅस छातीत चढला'. मुलाने नोकरी सोडली की 'बीपी वाढलं'. मोजतो तर एकशेवीस-ऐंशी. रिपोर्ट नॉर्मल आले की नातेवाईक म्हणतात, 'बघ, काही नाहीये तुला.' तिथे माझा आणि पेशंटचा, दोघांचाही चेहरा पडतो. काही नाही असं मी म्हटलेलंच नसतं.

केवडा

डॉक्टर, झालंय सगळं. खडे नाहीत. फॅटी लिव्हर ग्रेड वन निघालं, जे हल्ली सगळ्यांचंच निघतं. टीएसएच नॉर्मल.

ओपीडी

मग चालू द्या. ग्रेड वनसाठी चाला. आणि दात खाताय तर डेंटिस्टना दाखवून घ्या, झिजलेला दात उसाशाने परत येत नाही.

तिरसट

थोतांड नाही म्हणणार, पण हवेत जाऊ नका.

'शरीर आधी, भावना नंतर' ही कल्पना जुनीच आहे. विल्यम जेम्सने १८८४ मध्ये मांडली, कार्ल लांगेने १८८५ मध्ये स्वतंत्रपणे. आपण रडतो म्हणून दुःखी होतो, थरथरतो म्हणून घाबरतो, असा त्यांचा उलटा क्रम. त्यावर लोक इतकी वर्षं भांडतायत, आणि भांडणाचं कारण रास्त आहे. अंग एकच खूण वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतं. धडधड परीक्षेच्या आधीही होते आणि प्रेमात पडल्यावरही.

१९७४ चा डटन आणि आरन यांचा प्रयोग बघा. व्हँकुव्हरजवळ दरीवर एक झुलता पूल आहे. तो ओलांडणाऱ्या पुरुषांना मध्येच गाठून एका तरुणीने प्रश्नावली भरून घेतली आणि आपला फोन नंबर दिला. बुटक्या, भक्कम पुलावरच्या पुरुषांपेक्षा झुलत्या पुलावरच्यांनी तिला नंतर जास्त फोन केले. अंगातली धडधड दरीची होती, त्यांनी ती मुलीच्या खात्यात जमा केली. त्याआधी १९६२ मध्ये शॅक्टर आणि सिंगर यांनी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन म्हणून लोकांना ॲड्रेनालिन टोचलं होतं आणि शेजारी एक नट बसवला होता. तो खुशीत असला तर काहींना स्वतःलाही खुशीत असल्यासारखं वाटलं, तो चिडलेला असला तर चीड आली. (हा दुसरा प्रयोग पुढे इतरांना तितका जमला नाही, हेही सांगून ठेवतो.)

तेव्हा 'अंगच सांगतं' हे वाक्य जपून वापरा. अंग 'काहीतरी आहे' इतकं सांगतं. काय आहे ते तुम्ही ठरवता, आणि तुम्ही चुकू शकता.

आणि हात जोडून विनंती. 'गुडघे दुखतात म्हणजे अहंकार, कंबर दुखते म्हणजे पैशाची चिंता, घसा बसतो म्हणजे न बोललेलं सत्य' हे व्हॉट्सॲपवरचं कोष्टक इथे कुणी चिकटवू नका. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते दर महिन्याला येतं. माझे गुडघे दुखतात कारण कार्टिलेज झिजलंय. अहंकार आहे, पण तो वेगळा.

मोगरी

@तिरसट, फिनलंडच्या संशोधकांचा शरीराचा रंगीत नकाशा आहे ना? रागात छाती आणि हात लाल, दुःखात हातपाय निळे. तो तर शास्त्रीय आहे.

तिरसट

आहे. नुम्मेनमा आणि सहकारी, २०१३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. फिनलंड, स्वीडन आणि तैवानमधले मिळून ७०१ लोक. पण ते नकाशे कुठल्या यंत्राने काढलेले नाहीत. लोकांना कोरी आकृती देऊन सांगितलं होतं, या भावनेत जिथे हालचाल वाढल्यासारखी वाटते तिथे रंग भरा, जिथे मंदावते तिथे वेगळा रंग भरा. युरोपातले आणि तैवानमधले लोक बरेच सारखे रंगवतात, हे रोचक आहेच. पण तो सरासरीचा नकाशा. तुमचा राग पोटरीत असेल तर तो खोटा ठरत नाही.

घोडबंदरवाला

मी प्रामाणिकपणे बसून बघितलं. घसा, छाती, पोट. काहीही नाही. पोटात भूक होती, वडापाव खाल्ला, तीही गेली.

चेष्टा नाही करत. बायको नेहमी विचारते, 'काय वाटतंय तुला?' आणि मला खरंच उत्तर माहीत नसतं. तिला वाटतं मी लपवतोय. मला एकच भावना येते, मेट्रोच्या कामात घोडबंदर रोडला अडकल्यावरचा संताप. कापूरबावडी ते मानपाडा या पट्ट्यात मी साधू माणसालाही शिव्या देईन. बाकी सगळं सपाट. माझ्यासारख्याने काय करायचं?

सातवा_मजला

घोडबंदरवाले भाऊ, आमच्या ह्यांची आठवण झाली. चाळीस वर्षं संसार केला, 'ठीक आहे' हा एकच शब्द ऐकला.

वर्षाऋतू

@घोडबंदरवाला, तुमच्यासारखे खूप जण असतात. पीटर सिफनिओस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याला 'ॲलेक्सिथायमिया' असं नाव दिलं. भावना नसतात असं नाही, पण त्या ओळखणं आणि शब्दांत सांगणं जड जातं. तो आजार म्हणून धरत नाहीत, कमीजास्त प्रमाणात असणारा स्वभावाचा भाग धरतात. इथे वाचून स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका.

मी समुपदेशनच करते, त्यामुळे थोडं लांबण लावते.

ज्यांना आत काही लागत नाही त्यांना मी पोटापासून सुरुवात करायला सांगत नाही. पोट फार संदिग्ध आहे. हातपाय घ्या. तळवे गार आहेत की गरम? बुटात बोटं आवळलीत का? जीभ टाळूला चिकटलीय का? इथे भावना शोधायची नाही, नुसती बातमी घ्यायची. गाडीत स्टिअरिंगवर पकड किती आहे, एवढंच दिवसातून थोडा वेळ बघा. त्याचं कारण शोधू नका. काही दिवसांनी आपोआप लक्षात यायला लागतं की पकड सगळीकडे सारखी नसते.

दुसरं, केवडाने लिहिलंय की शब्द शोधून लावून बघायचा. त्याचा उपयोग मी रोज बघते. लीबरमन आणि सहकाऱ्यांचा २००७ चा मेंदूच्या स्कॅनचा अभ्यास आहे. भावना दाखवणाऱ्या चेहऱ्याला लोकांनी भावनेचं नाव दिलं की अमिग्डला, म्हणजे मेंदूतला धोक्याची दखल घेणारा भाग, शांत व्हायला मदत होताना दिसली. मात्र शब्द जितका बारीक तितका बरा. 'टेन्शन' या शब्दाने फारसं काही हलत नाही. हिरमोड, अपमान, धास्ती, हेवा, चुकल्यासारखं वाटणं, घालमेल, हे सगळं आपण 'टेन्शन' नावाच्या एकाच डब्यात भरतो.

तिसरं, सावधगिरी. ज्यांना पॅनिक अटॅक येतात, किंवा ज्यांच्यावर अत्याचार, अपघात असं काही गुदरलंय, त्यांनी एकट्याने डोळे मिटून छातीकडे लक्ष नेऊ नये. पॅनिकमध्ये माणूस आधीच धडधडीवर पहारा देत असतो, तो पहारा आणखी वाढतो. अशा वेळी डोळे उघडे ठेवायचे, पाय जमिनीला लागलेत ते जाणवू द्यायचं, खोलीतल्या वस्तू बघायच्या. आतलं बघायचंच असेल तर प्रशिक्षित माणूस सोबत हवा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था १९९० पासून आहे. कुठे जावं कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत.

कंदील

थोडा वेगळा सूर लावतो. इगतपुरीला विपश्यनेची शिबिरं केली आहेत. तिथे पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना देतात, मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं. वेदना म्हणजे दुखणंच नव्हे, खाज, उष्णता, जडपणा, सुखद लहर, सगळंच. आर्य मौन असतं, त्यामुळे कुणाला सांगायची सोयही नाही.

पण तिथे संवेदनेला 'तू कशामुळे आलीस' असं विचारत नाहीत. ती येते, राहते, जाते. तिला चिकटायचं नाही, झिडकारायचंही नाही. केवडाताईंनी गोळ्याला प्रश्न विचारला, गोळ्याने गोष्ट सांगितली, आता ती गोष्ट मनात घर करणार. 'मला विचारलं नाही' हे कळून सुटलात की त्यात अडकलात?

केवडा

@कंदील, प्रश्न बोचला, म्हणजे चांगला असणार. सध्या तरी सुटल्यासारखं वाटतंय. कारण आधी मला दादाचा राग येत नव्हता, फक्त त्याचे फोन टाळले जात होते. आता निदान काय बोलायचं ते माहीत आहे. नुसतं बघत राहिले असते तर बरगडी शांत झाली असती कदाचित, पण दादाला काय कळलं असतं?

कंदील

दादाला कळण्यासाठी साधना नसते, हे खरं.

शेवंती

अवांतर नाही, पण थोडं बाजूचं. हौशी रंगभूमीवर काम करते, तालमींसाठी ठाण्यात येणंजाणं असतं. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव दिलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. खिळून जाणं, घाम, काटा, आवाज फुटणं, कंप, रंग उडणं, डोळ्यांत पाणी, शुद्ध हरपणं. ही यादी पूर्ण शारीरिक आहे. आणि तिरसट म्हणतात तेही त्यात बसतं. घाम भीतीनेही येतो, रागानेही, लाजेनेही. कुठल्या रसातला घाम ते प्रसंग ठरवतो.

तालमीत उलटंही करतो. 'दुःखी हो' म्हटलं की नट चेहरा वाकडा करतो. 'श्वास वरच्या वर ठेव आणि हनुवटी आत घे' म्हटलं की दोन मिनिटांत त्याला आपोआप काहीतरी व्हायला लागतं.

सातवा_मजला

मी इथे क्वचित लिहिते. वय एकाहत्तर, राहते वाशीत. लेक अमेरिकेत आहे. तिचा रोज संध्याकाळी फोन येतो. फोन ठेवला की माझ्या पोटात खड्डा पडतो आणि मी फ्रीजपाशी उभी राहून मिळेल ते खाते. गोड असलं तर विचारू नका. सगळे म्हणतात, 'काकू, एकटेपणा हो, लेकीची आठवण येते तुम्हाला.' मीही तेच म्हणत होते. ऐकायला बरं वाटतं.

हा धागा वाचून काल फोन ठेवल्यावर फ्रीजकडे न जाता खुर्चीत बसले. पोटाला 'आठवण' म्हटलं. काही नाही. 'एकटी' म्हटलं. काही नाही. आणि एकदम तोंडातून निघालं, 'शहाणी आहेस!' अहो, मला राग येतो तिचा! रोज अर्धा तास सूचना. गोळी घेतलीस का, चाललीस का, गॅस बंद केलास का, ओटीपी कुणाला देऊ नकोस. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मला ओटीपी समजतो.

पोट मोकळं झालं. श्रीखंड तेवढं खाल्लं नंतर, पण बसून, वाटीत घेऊन.

मोगरी

काकू 😂 दंडवत. आज माझ्या आईला फोन करताना जीभ आवरणार आहे मी.

तिरसट

सातवा मजला, तुमच्यापुढे माझी हरकत मागे. एकाच निरीक्षणापुरती.

केवडाताई, तुमच्यासाठी मात्र गृहपाठ. तुमचा निष्कर्ष 'दादाने विचारलं नाही' असा आहे. मग आवळणं फक्त दादाच्या मेसेजला यायला हवं. दादाचा संबंध नसतानाही आलं तर कारण दुसरं आहे, किंवा आणखी एक आहे. दोन-चार वेगवेगळ्या प्रसंगांत तपासा. कधी येत नाही हेही लिहून ठेवा, ते लोक हमखास विसरतात.

वर्षाऋतू

तिरसट, ही सूचना मी माझ्या क्लाएंटना देणार आहे. नाव न सांगता.

घोडबंदरवाला

रिपोर्ट देतो. स्टिअरिंगवरची पकड बघतोय. मला वाटत होतं कापूरबावडीला घट्ट असेल. नाही हो! तिथे मी शिव्या देतो, पण हात सैल असतात, एका हाताने शेंगदाणेही खातो. पकड घट्ट होते वाघबीळच्या पुढे, जिथे ट्रॅफिक सुटतं आणि घर जवळ येतं. कासारवडवलीच्या सिग्नलला बोटं पांढरी.

घरी मुलगा दहावीला आहे. जानेवारीपासून आमचं बोलणं म्हणजे 'किती झालं' आणि 'होईल'. यावर आणखी लिहीत नाही. बायकोला सांगितलं, एवढंच.

वर्षाऋतू

पुरेसं आहे.

केवडा

@तिरसट, गृहपाठ केला.

ऑफिसात आवळणं येत नाही. मॅनेजर ओरडला तरी नाही, तिथे मान दुखते. दादाशी इतर विषयांवर बोलताना नाही. दादाने भाचीचा नाचाचा व्हिडिओ पाठवला तेव्हाही नाही, तेव्हा तुमचा मुद्दा आधीच अर्धा सिद्ध झाला होता.

मग शनिवारी आईकडे गेले. नेरुळहून ट्रान्स-हार्बर, ठाण्याला उतरून गोखले रोडने चालत. वाटेत चिवडा घेतला. काही नाही. इमारतीच्या दारात काही नाही. पहिला मजला, नाही. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे जिना वळतो, तिथे आवळलं. बरगडी आणि जबडा, दोन्ही. दादा घरी नव्हता, मेसेज नव्हता, कुणी काही बोललं नव्हतं.

तिथेच पायरीवर बसले. समोरच्या काकू 'बरं नाही का गं' म्हणून पाणी घेऊन आल्या, त्यांना काय सांगणार.

बाबांना शेवटची दोन वर्षं डायलिसिसला न्यावं लागायचं. लिफ्ट नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवायचो. पुढून दादा, मागून मी. त्या वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची आणि सगळा भार माझ्या उजव्या अंगावर यायचा. मी दात दाबून धरायची. बाबा दर वेळी म्हणायचे, 'मला इथेच ठेवा आता.' आठवड्यातून तीन वेळा.

पायरीवर बसून शब्द लावून बघितले. 'दुःख' लावलं, थोडंसं हललं. 'बाबांची आठवण', नाही. मग आलं, 'पाडा एकदाचं.' तेव्हा जबडा सुटला. मला ती इमारत नको आहे. तो जिना तर मुळीच नको. आईचं घर, लहानपण, गच्चीवरची वाळवणं असं सगळं मी लोकांसमोर हळवं होऊन बोलत असते, आणि खाली हे.

विचारलं नाही हेही खरंच आहे, ते पुसलं गेलेलं नाही. दोन्ही आहेत. दोन्ही एकाच बरगडीखाली.

तिरसट

आठवण आपण सांगताना रचतो हे मी म्हणणार होतो. ते खरंच आहे. पण उजवीकडे भार यायचा हा तपशील तुम्ही धाग्याच्या सुरुवातीला दिलेला नव्हता आणि बाजू तेव्हाही उजवीच होती. एवढं मी नोंदवून ठेवतो.

ओपीडी

स्नायूंच्या बाजूने बघितलं तर अशक्य काही नाही. वजन धरताना माणूस श्वास कोंडतो, पोट आवळतो, दात दाबतो. त्याच जागी, त्याच कोनात शरीर पुन्हा तयारीत जाऊ शकतं. आणि रुग्णाला सांभाळणारे स्वतःच्या दुखण्याची नोंदच घेत नाहीत. डायलिसिस पेशंटबरोबर येणाऱ्यांना मी हल्ली वेगळं बसवून विचारतो. पहिलं उत्तर कायम 'मला काय झालंय' हेच असतं.

कंदील

मी पायरीवर बसलो असतो तर आवळणं बघून, ते गेल्यावर उठलो असतो. गोष्ट सापडली नसती. तरीही चाललं असतं असं मला वाटतं. पण तुमची गोष्ट वाचून बरं वाटलं, हेही खरं.

सातवा_मजला

बाळ, बाबांना उचलून नेणाऱ्या मुलीने 'पाडा एकदाचं' म्हटलं तर त्यात हळवेपणा कमी होत नाही हो. आईला सांगितलंस का?

केवडा

काकू, आईला नाही सांगितलं. दादाला फोन केला. म्हटलं सही करते, पण ड्राफ्ट आधी मला पाठव, मी वाचणार आहे, आणि पुढचे कागदही मला विचारून. तो क्षणभर गप्प झाला, मग 'पाठवतो' म्हणाला. आईसाठी भाड्याचं घर बघायचं तर लिफ्टचंच बघ, असंही सांगितलं. तर म्हणतो, 'मलाही नको झालाय तो जिना.' मी कारण विचारलं नाही. त्याची बरगडी डावी असणार.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे.

तिरसट

मग कामाचं ऐका. बँकेत आहात म्हणून सगळं माहीत असेल असं धरत नाही. कार्पेट एरिया रेराच्या (घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणारा कायदा) व्याख्येप्रमाणे लिहिलाय का ते बघा. भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक किती महिन्यांचे देतोय, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती रक्कम) कधी मिळणार, बँक गॅरंटी आहे का आणि ताबा लांबला तर भाडं चालू राहणार का, हे चार प्रश्न मीटिंगमध्ये उभं राहून विचारा आणि इतिवृत्तात घ्यायला लावा. ड्राफ्ट वाचताना कुठे जबडा आवळला तर कलम क्रमांक इथे टाका, मी बघतो.